वाचताना दिसणारे बाबा

मुलांना वाचायला शिकवणे ही अत्यंत गंभीर बाब असून ती मुलांवर सोडून चालत नाही, हे आता सर्व प्रगत समाजांनी मान्य केलेले आहे. पूर्वी या बाबतीत फारच बेफिकिरी होती. मुलाला अक्षरे दाखवत, अक्षरे जोडून शब्द दाखवत, आणि मग एखादे पुस्तक त्याच्या हातात देऊन मोठी माणसे आपापल्या कामाला लागत. या अशास्त्रीय पद्धतीचे परिणाम आपण आजही भोगत आहोत. त्या काळातली पुष्कळशी माणसे अजून वाचतात, आणि कसे शिकलात असे विचारले तर त्यांना धड सांगताही येत नाही.

ही दुरवस्था दूर करण्यासाठी वाचन-लेखन कौशल्य संवर्धन समिती स्थापन झाली. समितीने प्रथम 'मूल' या शब्दाची व्याख्या केली. (या कामाला थोडा वेळ लागला. ज्या मुलांवरून व्याख्या केली ती दरम्यान नोकरीला लागली.) मग समितीने पाहणी हाती घेतली. वाचता न येणाऱ्या मुलांपैकी जवळजवळ शंभर टक्के मुलांना वाचता येत नाही, असा या पाहणीचा धक्कादायक निष्कर्ष आहे. उरलेल्यांची पाहणी चालू आहे.

समितीचे एवढे मोठे काम एका चष्मेवाल्याच्या घरात कसे शिरले आणि तिथे त्याचे काय झाले, ते नीट सांगायला हवे. अशा हकिगतींतूनच धोरणाचे यश कळते.

चष्मेवाल्यांचे दुकान रस्त्याच्या कोपऱ्यावर होते आणि घर दुकानाच्या बरोबर वर. माणूस सज्जन, गिऱ्हाइकाशी अदबीने बोलणारा, आणि काखेत फाइल असलेल्या कोणालाही घाबरणारा. आसपासच्या चारपाच रस्त्यांवर जो कोणी काही वाचत असे तो यांच्याच काचांतून वाचत असे. दुकानाच्या पलीकडच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता. त्यामागचा दिवा लावून चष्मेवाले दिवसभर विचारत, "खालची ओळ दिसते? आणि त्याच्या खालची?" हा तक्ता त्यांनी स्वतः इतक्या वेळा वाचला होता की आपला वाचनाशी अखंड संबंध आहे अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. पुस्तक म्हणाल तर शाळा सुटल्यापासून एकही पुरे झालेले नव्हते. त्यात त्यांचा दोष नाही. संध्याकाळी दुकान बंद केल्यावर माणसाला मोबाइल बघावा लागतो, आणि तो बघून होईपर्यंत झोपेची वेळ होते.

घरात बायको, मोठी बहीण आणि मुलगी. बायको इस्पितळात नर्स होती. तिच्या पाळ्या इतक्या बदलत्या असत की ती घरात आहे की नाही हे तिच्या चपलांवरून ठरवावे लागे. बहीण, म्हणजे मुलीची आत्या, बसमध्ये कंडक्टर म्हणून निवृत्त झालेली. बस सुटली तरी तिचा आवाज आणि तिचे नियम सुटलेले नव्हते. मुलगी दुसरीत होती आणि ती एका जागी कधी ठरत नसल्यामुळे तिला सगळे भिंगरी म्हणत.

भिंगरीला वाचता येते असे चष्मेवाल्यांना बरेच दिवस वाटत होते. शाळा सुटली की ती दुकानात येऊन बसे आणि तक्त्यावरच्या ओळी वरपासून खालपर्यंत घडाघडा म्हणून दाखवी. रस्त्याच्या पलीकडे उभी राहूनही ती सगळ्यांत खालची ओळ म्हणत असे. "नजर बघा पोरीची!" असे चष्मेवाले येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. पुढे एकदा भिंगांच्या कंपनीने नवा तक्ता पाठवला. तो टांगल्यावरही भिंगरीने त्याच्यासमोर उभी राहून जुना तक्ता न अडखळता म्हटला. ही गोष्ट प्रथम लक्षात आली ती दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू असलेल्या एका गिऱ्हाइकाच्या.

त्याच आठवड्यात शाळेतून बोलावणे आले.

"वाचत नाही हो ती," वर्गाच्या बाई हळू आवाजात म्हणाल्या. "ऐकते आणि पाठ करते. डोकं तल्लख आहे, म्हणून आजवर निभावून नेलं तिनं. पण आता पातळी काढली तर शून्य-ब आली."

शून्याच्या पातळ्या समितीनेच पाडल्या होत्या. पुस्तक उलटे धरणारे मूल शून्य-अ, सुलटे धरणारे शून्य-ब, आणि सुलटे धरून गंभीर चेहरा करणारे शून्य-क. वर्ष संपेपर्यंत मूल शून्यातून बाहेर आले नाही तर त्याला पुन्हा दुसरीतच बसवायचे असा नियम होता. भिंगरीच्या बाकावरची मैत्रीण शून्यातून केव्हाच बाहेर पडली होती आणि तिसरीत जाणार होती. दोघींनी पहिलीच्या पहिल्या दिवसापासून बाक सोडला नव्हता. भिंगरी दाराशी उभी राहून हे सगळे ऐकत होती. घरी येताना ती वाटेत एकदाही उडी न मारता बापाचे बोट धरून सरळ चालली.

"मी काय करू बाई? सांगाल ते करतो," असे ते शाळेत म्हणाले होते, आणि बाई काहीतरी सांगायला लागल्याही होत्या. "रोज थोडा वेळ जवळ घेऊन बसलात, अक्षरावर बोट ठेवून..." एवढे त्या बोलल्या, तोच शेजारच्या खुर्चीवरून समितीचे समन्वयक मध्ये आले.

"बाई, तो टप्पा पुष्कळ नंतरचा." समन्वयक हा हसतमुख, किरकोळ अंगाचा मनुष्य होता आणि त्याच्या काखेत फाइल होती. "मुलाला कोणी शिकवायचं नसतं साहेब. वातावरण शिकवतं. आपण फक्त वातावरण करायचं."

चष्मेवाल्यांनी फाइलकडे पाहिले आणि मान डोलावली. समन्वयकांनी दाखवलेल्या जागी त्यांनी सहीही केली. सही करणाऱ्या घराचे वर्षाखेरीस मूल्यमापन होणार आणि मुलाची बढती त्यावर ठरणार, असे तिथे लिहिले होते.

वातावरण करण्याच्या युक्त्या चार होत्या. पहिली, मुद्रणसमृद्ध घर. घरातल्या प्रत्येक वस्तूवर तिच्या नावाची चिठ्ठी लावायची, म्हणजे मूल उठता-बसता वाचू लागते. दुसरी, आदर्श वाचक पालक. पालकाने रोज जेवणानंतर मुलाला दिसेल अशा ठिकाणी बसून वाचताना दिसायचे. तिसरी, श्रवणबंदी. मुलाला तोंडी गोष्टी सांगणे तत्काळ थांबवायचे, कारण कानाला गोष्ट फुकट मिळाली की डोळे आळशी होतात. चौथी, लेखनपूर्व हस्तसिद्धता. हात पुरता तयार झाल्याखेरीज मुलाला पेन्सिल द्यायची नाही. तोवर त्याच्याकडून वाटाणे सोलून घ्यायचे, गाठी सोडवून घ्यायच्या आणि बटणे लावून घ्यायची.

चष्मेवाले मनापासून कामाला लागले. जाड कागदाच्या पट्ट्या कापून त्यांनी दार, खिडकी, फ्रिज, आरसा, बादली, साखर असे सुवाच्य अक्षरांत लिहिले आणि सारे घर चिकटवून काढले. घरातल्या सर्व वस्तूंना आपण कोण आहोत हे एका दिवसात कळले.

"मला लावलीत तर याद राखा," बायको पाळीवरून येता येता म्हणाली आणि झोपायला गेली. आत्यांच्या खुर्चीच्या पाठीवर मात्र 'आत्या' अशी चिठ्ठी लागली. "जन्मभर गणवेशावर बिल्ला लावून हिंडले," आत्या म्हणाल्या, "आता घरात बसूनही बिल्ला? बरं बाबा. तुझा नियम." त्यांनी चिठ्ठी काढली नाही, पण त्यांचा आवाज काही ठीक नव्हता.

भिंगरी दाराजवळून जाताना दार म्हणे आणि बादलीजवळून जाताना बादली. ती शब्द न वाचताच हे म्हणत असे, कारण शब्दाच्या मागे खुद्द दारच उभे होते. चष्मेवाल्यांना हा वातावरणाचा गुण वाटला आणि त्यांनी उरलेल्या पट्ट्या चमच्यांना लावल्या.

आदर्श वाचक पालक या युक्तीसाठी समितीने गुणांची स्पष्ट यादी दिली होती. ती येथे जशीच्या तशी देत आहोत, म्हणजे इतर पालकांनाही तिचा उपयोग होईल.

पाठ (ताठ, पण ताठर नव्हे) : वीस गुण.
नजर (पुस्तकाच्या दिशेने) : वीस गुण.
पान उलटणे (सारख्या अंतराने, दोन पाने एकदम उलटल्यास गुण कापण्यात येतील) : वीस गुण.
हुंकार (माफक) : पंधरा गुण.
वाघिणीचा दात : पाच गुण.
मुद्रा (समाधानी) : वीस गुण.

मजकूर समजणे या बाबीला गुण नाहीत. समजलेले बाहेरून दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याला गुण देणे हा पक्षपात होतो, अशी समितीची भूमिका आहे.

घरात पुस्तक एकच होते. भिंगे घासण्याच्या यंत्राबरोबर आलेले माहितीपुस्तक. ते चांगले जाडजूड, पुठ्ठ्याच्या बांधणीचे आणि कुठल्याशा परक्या भाषेत होते. कामासाठी ते उत्तम ठरले, कारण वाचनात गुंगून पान उलटायचे राहून जाण्याचा धोका त्यात अजिबात नव्हता. चष्मेवाले रोज जेवणानंतर दिव्याखालच्या खुर्चीत बसू लागले. पहिले काही दिवस पानांच्या बेचक्यात मोबाइल असे. पण समोर जमिनीवर पोर मांडी घालून टक लावून बघत बसलेली, तेव्हा त्यांनाच लाज वाटली आणि मोबाइल खाली दुकानात ठेवण्यात आला. नंतर ते पुस्तकाच्या दिशेने पाहत उद्याच्या कामाचा विचार करू लागले. विचार पटला की "हं" येई, आणि काम सुटले की समाधानी मुद्रा. हळूहळू या अर्ध्या तासाची त्यांना गोडी लागली. आपल्या लेकीने आपल्याकडे इतके निरखून पाहावे, असे त्यांनी यापूर्वी कधी काही केलेच नव्हते.

भिंगरीही शिकत होती. यंत्राच्या पुठ्ठ्याचा एक तुकडा हातात धरून ती बापासमोर बसे, तो उलटी, "हं" म्हणे आणि समाधानी दिसे. बाईंनी शाळेत पुन्हा पातळी काढली तेव्हा ती शून्य-क आली. या प्रगतीबद्दल समन्वयकांनी अभिनंदनाचा निरोप पाठवला. बाईंनी मात्र अभिनंदन केले नाही. "अजून शून्यच आहे हो," एवढेच त्या म्हणाल्या, आणि चष्मेवाल्यांना त्या रात्री जेवण गेले नाही.

सगळ्यांत कठीण गेली ती श्रवणबंदी.

आत्यांकडे गोष्टी होत्या. रडणाऱ्या पोरांना गप्प करण्यासाठी त्यांनी बसमध्ये उभ्या उभ्या रचलेल्या. निजताना भिंगरी त्यांच्या कुशीत शिरे आणि गोष्ट सुरू होई. बंदी लागू झाली त्या दिवशी जी गोष्ट चालू होती ती अशी. एका लोहाराकडे एक वाघीण आली. तिचा पुढचा दात पडला होता. ती म्हणाली, मला लोखंडाचा दात बसवून दे, नाहीतर उरलेल्या दातांनी तुला खाते. लोहाराने थरथरत दात घडवला, थरथरत बसवला. वाघीण निघून गेली. लोहार सुटकेचा श्वास टाकून जेवायला बसतो न बसतो तोच दारावर थाप पडली.

"मग?" भिंगरीने विचारले.

"मग काही नाही. बंदी आहे." आत्या उठून बसल्या. "गाडी इथंच थांबणार. नियम म्हणजे नियम."

"ताई, निदान शेवट तेवढा सांगून टाक," चष्मेवाले दारातून म्हणाले. भिंगरीचा चेहरा त्यांना बघवत नव्हता.

"सही कोणी केली? मी?"

"मी केली. पण..."

"मी कधी कोणाला पायरीवर लोंबकळू दिलं नाही. आत यायचं, नाहीतर उतरायचं. सही केलीस ना? मग आता पोर लोंबकळतेय ती बघ." आणि थोडे थांबून त्यांनी विचारले, "बोलायला बंदी आहे. मी लिहायला बंदी आहे का?"

चष्मेवाल्यांनी समितीचे कागद चाळले. मुलाने लिहिण्याबद्दल पुष्कळ होते, आत्यांनी लिहिण्याबद्दल काही नव्हते. "नाही बुवा," ते म्हणाले.

"बरं," असे म्हणून आत्या कुशीवर वळल्या.

भिंगरीचा मात्र जीव टांगणीला लागला. वाघिणीने लोहाराला खाल्ले का, हे तिने आईला विचारले, बाईंना विचारले, दुकानात नंबर काढायला आलेल्या माणसांना विचारले. मोतीबिंदूवाल्या गिऱ्हाइकाने "खाल्लं असणार" असे अंदाजाने सांगितले, पण तिचे समाधान झाले नाही.

दोनएक दिवसांनी साखरेच्या डब्यावरची चिठ्ठी बदललेली दिसली. 'साखर' गेली होती आणि तिच्या जागी लाल शाईत, टपोऱ्या अक्षरांत दोन शब्द होते. भिंगरी आत्यांकडे धावली. आत्यांनी ओठांवर बोट ठेवले. ती आईकडे धावली. आई नुकतीच रात्रपाळी करून आलेली, डोळे मिटत होते तिचे, पण ती स्वयंपाकघराच्या फरशीवर बसली आणि तिने पोरीला मांडीत ओढले.

"मी सांगणार नाही. तू म्हण. हा 'दा' कुठं बघितलास?"

भिंगरीने मागे वळून दाराकडे पाहिले. मग पुन्हा डब्याकडे. "दा. दार. दारात..." तिचे बोट पुढच्या अक्षरावर गेले. हे अक्षर वाटीवर होते. "वा. वाघीण! आई, दारात वाघीण! तीच आली परत!"

"बघ की. मला कुठं माहीत होतं?" आई म्हणाली आणि तिथेच भिंतीला टेकून झोपी गेली.

हा प्रकार चारही युक्त्यांपैकी एकीतही बसत नसल्याने समितीच्या दफ्तरी त्याची नोंद नाही.

त्यानंतर रोज कुठली ना कुठली चिठ्ठी बदलू लागली. फ्रिजवर आले, 'लोहार खाटेखाली लपला.' बादलीवर आले, 'शेपूट खिडकीतून दिसत होती.' आरशावर आले, 'लोहाराला घाम फुटला.' भिंगरी शाळेतून दुकानात न जाता थेट वर येऊ लागली. अडले तर आई, आई नसली तर दुसऱ्या दिवशी मधल्या सुटीत बाई. बाई अक्षर दाखवत आणि मग स्वतःच विचारत, "बरं, पुढं काय झालं ते उद्या मला सांगशील ना गं?" एक दिवस फ्रिजवरच्या चिठ्ठीखाली, वेड्यावाकड्या अक्षरांत, पेन्सिलीने लिहिलेले आढळले, 'मग?' ही पेन्सिल कुठून आली याची चौकशी झाली नाही. वाटाणे सोललेला हात तेव्हा अजून तयार व्हायचा होता, एवढे मात्र खरे. आत्यांनी चिठ्ठीखालच्या त्या शब्दावर बराच वेळ हात ठेवला, आणि त्या दिवशी एकाऐवजी दोन चिठ्ठ्या लावल्या.

चष्मेवाल्यांच्या लक्षात यातले काहीही आले नाही. पोर तासन्‌तास फ्रिजसमोर उभी असते, बादलीसमोर बसते, हे ते पाहत होते आणि मनात म्हणत होते, वातावरण काम करतंय. चिठ्ठ्या त्यांनी स्वतःच लावलेल्या असल्यामुळे त्या वाचण्याचे त्यांना काही कारण नव्हते. रोज सकाळी ते 'लोहाराला घाम फुटला' याच्यासमोर दाढी करत आणि खाली जाऊन लोकांना खालची ओळ विचारत.

मग एके दिवशी आत्यांनी जाहीर केले, "शेवटची चिठ्ठी लावली आहे. शोध." (ही गोष्ट नव्हे, सूचना होती. सूचना तोंडी देता येते.)

भिंगरीने घर पालथे घातले. चपलांचे कपाट, माळा, गादीखाली, आईच्या डब्याच्या झाकणाखाली. दुकानातला तक्तासुद्धा उलटून पाहिला. चिठ्ठी सापडेना. "बरोबर लावलीस ना गं आत्या?" असे तिने दहादा विचारले, आणि आत्यांनी दहादा मान हलवली. वर्ष संपत आले आणि घराच्या मूल्यमापनाचा दिवस उजाडला, तरी लोहाराचे काय झाले ते कळलेले नव्हते.

समन्वयक फाइल घेऊन आले. चष्मेवाल्यांनी नवा सदरा घातला होता. आज हे घर कमी पडले तर पोर पुन्हा दुसरीत बसणार, आणि तिची मैत्रीण दुसऱ्या कोणाच्या तरी शेजारी बसणार, एवढेच त्यांच्या डोक्यात घोळत होते.

समन्वयकांनी प्रथम मुद्रणसमृद्धी तपासली. ते खोल्याखोल्यांतून हिंडले आणि प्रत्येक चिठ्ठीला फाइलमध्ये बरोबरची खूण करत गेले. बादलीवरच्या शेपटीला खूण झाली. खाटेखालच्या लोहाराला खूण झाली. आरशासमोर उभे राहून त्यांनी केस सारखे केले आणि घामालाही खूण केली. "भरपूर आहेत," ते म्हणाले. "आमच्या कार्यालयातही नाहीत इतक्या." आत्या आपल्या खुर्चीत 'आत्या' या चिठ्ठीला टेकून बसल्या होत्या.

मग आदर्श वाचन झाले. चष्मेवाले दिव्याखाली बसले. पाठ ताठ, पण ताठर नव्हे. नजर पुस्तकाच्या दिशेने. पान उलटले. "हं." पान उलटले. पुढच्या पानावर, परक्या भाषेच्या मजकुरावर आडवी, लाल शाईतली, टपोऱ्या अक्षरांची भली मोठी चिठ्ठी चिकटवलेली होती. चष्मेवाल्यांनी तिच्या दिशेने योग्य तेवढा वेळ पाहिले, "हं" म्हटले, समाधानी मुद्रा केली आणि पान उलटले. समन्वयकांची लेखणी भराभर चालली होती.

"बाबा, मागं!" भिंगरी किंचाळली. ती त्यांच्या खांद्यामागे उभी होती. "मागचं पान! मागं घ्या ना!"

आणि मागे घ्यायची वाटही न पाहता ती पुस्तकावर झेपावली. पान उलगडले, बोट ठेवले आणि मोठ्याने वाचू लागली. मध्ये दोनदा थांबली, ओठ हलवले, आणि पुढे गेली.

"वाघीण म्हणाली, ऊठ. खायला नाही आले. तू डोळे मिटून दात बसवलास. तो उलटा बसला आहे. आता डोळे उघडे ठेवून बसव."

मग आत्यांचा आवाज आला, बसमधला, मागच्या बाकापर्यंत पोहोचणारा. "शेवटचा थांबा!" त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

समन्वयकांनी शांतपणे नोंदी पूर्ण केल्या. मुलाने पालकाच्या वाचनात व्यत्यय आणला. मुखपृष्ठावरून अंदाज न बांधता मूल थेट मजकुरात शिरले. वाचताना बोट ठेवले. मात्र सुदैवाने बढतीसाठी मुलाचे गुण धरले जात नाहीत, घराचे धरले जातात. चिठ्ठ्यांची संख्या उत्तम, आणि आदर्श वाचनात चष्मेवाल्यांना पंचाण्णव गुण, म्हणजे पैकीच्या पैकी. भिंगरी तिसरीत गेली. तिच्या प्रगतिपत्रकावर शेरा आला तो असा : 'वाचन : करते. तिसरीत उपचारात्मक वर्गात लक्ष द्यावे.'

समन्वयक जिना उतरून गेल्यावर चष्मेवाले पुस्तक मांडीवर घेऊन तसेच बसले होते.

"ताई, ही कधी लावलीस?"

"झाले की बरेच दिवस. रोज उलटत होतास तू."

"मी सगळीकडं शोधलं," भिंगरी म्हणाली. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, ती फक्त सांगत होती. "तुमच्या पुस्तकात बघितलंच नाही बाबा. तुम्ही रोज वाचता ना ते. त्यात असतं तर तुम्ही मला सांगितलं असतं."

चष्मेवाल्यांना मेल्याहून मेल्यासारखे झाले. त्यांनी चष्मा काढला, स्वच्छ काचा सदऱ्याला पुसल्या आणि पुन्हा घातला. मग ते उठले आणि म्हणाले, "मला दाखव. पहिल्यापासून दाखव." बापलेक साखरेच्या डब्यापासून निघाले. फ्रिजपाशी आल्यावर त्यांनी भराभर वाचायला सुरुवात केली तेव्हा तिने त्यांचा हात धरला. "असं नाही बाबा. बोट ठेवून." त्यांनी बोट ठेवले. 'मग?' या शब्दापाशी ते बराच वेळ थांबले, कारण ते अक्षर कोणाचे हे त्यांना ओळखू आले.

प्रथम श्रेणीचे प्रमाणपत्र दुकानात तक्त्याशेजारी लावलेले आहे. बायको येता-जाता त्याच्याकडे बघून हसते.

एक खुलासा राहिला. ही हकिगत छापायला देण्यापूर्वी आत्यांनी एकदा नजरेखालून घातली आणि तीत स्वतःची एक ओळ घुसवली. आदर्श वाचकाच्या यादीतला वाघिणीचा दात समितीचा नाही. समितीच्या गुणांची बेरीज पंचाण्णवच होते. त्या ओळीपाशी आपण काय केलेत हे येथून नक्की दिसले नाही. पण पाठ ताठ होती, नजर मजकुराच्या दिशेने होती, आणि हुंकार अगदी माफक होता.